चालतंय ना? मग राहू द्या!

सॉफ्टवेअरच्या ऑफिसात दोन वाद कधीच मिटत नाहीत. पहिला एसीच्या तापमानाचा. त्यात निदान रिमोट कुणाच्या ताब्यात आहे एवढं तरी कळतं. दुसरा वाद व्हर्जन कंट्रोलचा. आहे तेच जुनं चालू ठेवायचं की नव्या आवृत्तीवर जायचं? या वादाला ना रिमोट, ना शेवट. शिवाय निर्णय ज्यांच्या हातात असतो त्यांनी ते सॉफ्टवेअर बहुधा कधी उघडलेलंही नसतं. त्यामुळे त्यांची मतं विशेष ठाम असतात.

ज्यांचा या प्रकाराशी संबंध आलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो. व्हर्जन कंट्रोल म्हणजे प्रोग्रॅमचा सातबारा आणि फेरफाराची नोंदवही, दोन्ही एकाच दप्तरात. कोणती ओळ कुणी घातली, कधी घातली, त्याआधी तिथे काय होतं, सगळं नोंदलेलं. भांडण होत नाही तोवर या दप्तराकडे कुणी ढुंकून बघत नाही. भांडण झालं की सगळ्यांनाच ते हवं असतं. सबव्हर्जन नावाच्या अशा एका सॉफ्टवेअरमध्ये तर त्यासाठी 'ब्लेम' नावाची कमांडच आहे. ती चालवली की प्रत्येक ओळीपुढे ती लिहिणाऱ्याचं नाव येतं. हीच कमांड 'प्रेज' या नावानेही चालते आणि उत्तर तंतोतंत तेच देते. पण कौतुक करावं म्हणून ती चालवणारा माणूस मला अजून भेटायचा आहे.

हा उद्योग तसा जुना. १९७२ साली, इकडे महाराष्ट्र दुष्काळात होरपळत होता तेव्हा, अमेरिकेत बेल लॅब्जमध्ये मार्क रॉचकाइंड यांनी एससीसीएस लिहायला घेतलं. मग १९८२च्या सुमाराला वॉल्टर टिची यांचं आरसीएस आलं. १९८६ मध्ये डिक ग्रून यांनी त्या आरसीएसच्या डोक्यावर सीव्हीएस बसवलं. सीव्हीएसला वैतागलेल्या मंडळींनी २००० मध्ये सबव्हर्जन लिहायला घेतलं आणि २००४च्या फेब्रुवारीत त्याची १.० आवृत्ती आली. पुढच्याच वर्षी लिनक्सच्या लोकांना बिटकीपर हे व्हर्जन कंट्रोल फुकट वापरता येईनासं झालं, तेव्हा लिनस टॉरवाल्ड्स यांनी एप्रिल २००५ मध्ये स्वतःच गिट लिहून टाकलं. या वंशावळीत प्रत्येकाने आधीच्याचा त्रास संपवला आणि आपला सुरू केला. गंमत म्हणजे यातलं बहुतेक कुणी पुरतं गेलेलंही नाही. सीव्हीएसची शेवटची स्थिर आवृत्ती २००८ सालची आहे, तरी ते कुठे ना कुठे आजही चालू आहे.

या घराण्याबाहेरचं, पण आपल्याकडे भरपूर नांदलेलं एक नाव म्हणजे मायक्रोसॉफ्टचं व्हिज्युअल सोर्ससेफ. त्याची रीत अशी, की एकाने फाइल चेकआउट केली की ती परत ठेवेपर्यंत दुसऱ्याने बदलायची नाही. शिस्त म्हणून उत्तमच. पण शिस्त लावणाऱ्याने कोकण पाहिलेलं नव्हतं. गणपतीच्या आदल्या दिवशी माणूस फाइल अडकवून गावी जायचा आणि त्याच्या वाडीत मोबाइलला रेंज नसायची. गौरी-विसर्जनापर्यंत लॉगिनचा स्क्रीन जसा होता तसाच राहायचा. अ‍ॅडमिनला ती फाइल सोडवता येत असे, पण अ‍ॅडमिनही रत्नागिरीचाच असला तर काय करता? तरीसुद्धा सोर्ससेफ बदलायची वेळ आली तेव्हा लोक हळहळले. "कोणती फाइल कुणाकडे आहे हे तरी कळायचं!" हळहळायला भरपूर वेळही मिळाला. शेवटची आवृत्ती २००५ची आणि मायक्रोसॉफ्टचा आधार २०१७ पर्यंत.

अपग्रेडच्या प्रश्नातले सगळे रस एका ठिकाणी चाखायचे असतील तर सबव्हर्जनचा १.६ वरून १.७ वर जाण्याचा प्रसंग घ्यावा. १.६ पर्यंत प्रत्येक फोल्डरच्या पोटात एक लपलेलं फोल्डर असायचं आणि त्यात सबव्हर्जन आपल्या नोंदी ठेवायचं. फोल्डर हजार असले तर ही लपलेली फोल्डरंही हजार. कुणी एखादं फोल्डर उचलून दुसरीकडे चिकटवलं की लपलेला पाहुणाही सोबत जायचा आणि कमिट, म्हणजे नोंदवलेला बदल, भलत्याच पत्त्यावर पोचायचं. ऑक्टोबर २०११ मध्ये १.७ आली. हजार फोल्डरं गेली, सगळ्यात वर एकच राहिलं आणि नोंदी एका डेटाबेसमध्ये गेल्या. सुधारणा चांगली होती यावर सगळ्यांचं एकमत झालं. एकमत झालं म्हणजे आता भांडण होणार, हे जाणत्यांनी तेव्हाच ओळखलं.

कारण एकेका मशीनवर सबव्हर्जन एकटं नसतं. एक्सप्लोररमध्ये राइट क्लिक करणाऱ्यांसाठी टॉर्टॉइज, एक्लिप्स या कोड लिहायच्या सॉफ्टवेअरमध्ये बसणाऱ्यांसाठी प्लगइन आणि काळ्या खिडकीत टाइप करणाऱ्यांसाठी कमांड. हे तिन्ही सबव्हर्जनचे क्लायंट आणि तिघांची आवृत्ती वेगळी असू शकते. १.६ पर्यंतची पद्धत अशी होती, की नव्या क्लायंटने जुन्या कामाच्या प्रतीला नुसता हात लावला तरी ती गुपचूप नव्या पद्धतीची व्हायची. मग जुना क्लायंट म्हणायचा, मी फार जुना आहे, मला हे वाचता येत नाही. टॉर्टॉइज हे या शर्यतीत कायम पहिलं येणारं कासव. अपडेट हवंय का, असं ते विचारणार, आपण सवयीने 'यस' म्हणणार आणि दुपारी एक्लिप्स संपावर जाणार.

१.७ बनवणाऱ्यांनी यातून धडा घेतला. नवा क्लायंट आता परस्पर काही बदलत नाही. प्रत जुनी आहे, 'अपग्रेड' ही कमांड चालवा, असं तो नम्रपणे सांगतो. त्यावर पहिली तक्रार काय आली असेल? "पूर्वी आपोआप व्हायचं, आता कशाला विचारतंय?" न विचारता केलं तर दादागिरी, विचारून केलं तर कटकट. सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याचा जन्मच असा.

आता ऑफिसातल्या माणसांकडे वळू. या निर्णयात सॉफ्टवेअरचा वाटा थोडा आणि माणसांचा फार.

पहिले येतात सर्व्हरचे काका. ते प्रत्येक जुन्या ऑफिसात असतात. सबव्हर्जन त्यांनीच बसवलेलं असतं, ज्या मशीनवर बसवलं ते मशीन अजून त्यांच्याच टेबलाखाली असतं आणि त्याच्या स्विचवर 'बंद करू नये' अशी चिठ्ठी असते. साफसफाईच्या मावशी त्या चिठ्ठीला देवाच्या फोटोइतकाच मान देतात. काकांचा युक्तिवाद एका वाक्याचा असतो. "चालतंय ना? मग राहू द्या!" या वाक्याला तर्कशास्त्रात उत्तर नाही. चालत असेल तर राहू द्यायचं आणि चालत नसेल तर आता हात लावायची ही वेळ नव्हे. मशीन किती वर्षांत रीस्टार्ट केलेलं नाही हे काका अभिमानाने सांगतात. बंद केलं तर ते परत सुरू होईल का, हे कुणालाच ठाऊक नाही. अभिमानाचा उगम तिथे आहे.

दुसरा नवा मुलगा. कॉलेजातून थेट आलेला, गिटवर वाढलेला. त्याचं पहिलं वाक्य, "सर, अजून एसव्हीएन?" (एसव्हीएन म्हणजे सबव्हर्जनच.) यातल्या 'अजून'मध्ये जो करुणरस असतो तो भल्याभल्या नटांना साधत नाही. प्रत्येक रोगावर त्याच्याकडे गिट हे एकच औषध. त्याने स्वतः गिटची कोणती आवृत्ती घेतली आहे, हे मात्र विचारू नये. गिटमध्ये 'चेकआउट' या एकाच कमांडवर दोन निरनिराळी कामं होती. नव्यांचा गोंधळ होतो म्हणून ऑगस्ट २०१९च्या २.२३ आवृत्तीत त्या कामांसाठी 'स्विच' आणि 'रिस्टोर' अशा दोन स्वतंत्र कमांडी आल्या. इतकी वर्षं झाली तरी मुलगा 'चेकआउट'च टाइप करतो आणि त्याला शिकवणारेही तेच करतात. सॉफ्टवेअर अपग्रेड होतं, बोटं होत नाहीत.

तिसरा टीम लीड. त्याचा कशालाच विरोध नसतो. तो फक्त म्हणतो, "रिलीजनंतर बघू." रिलीजनंतर पुढचा रिलीज येतो, ही सृष्टीची रचना त्याला पूर्ण ठाऊक असते.

चौथे मॅनेजरसाहेब. त्यांच्याशी होणारं संभाषण हिंजवडीत काय आणि खराडीत काय, सारखंच.

"अपग्रेड करून फायदा काय?"

"सर, मर्ज करणं सोपं होईल."

"आत्ता मर्ज होत नाही?"

"होतं, पण त्रास होतो."

"कुणाला?"

"आम्हाला, सर."

"मग क्लायंटला बिल कसं लावायचं?"

विषय संपला. खरं म्हणजे मर्जचा, म्हणजे कोडच्या एका ब्रँचमधले बदल दुसऱ्या ब्रँचमध्ये मिसळण्याचा, त्रास खोटा नसतो. जून २००८च्या १.५ आवृत्तीआधी कोणता बदल कोणत्या ब्रँचमध्ये गेला हे सबव्हर्जनला आठवतच नसे. टीममधल्या एखाद्या सालस मुलीला वहीत किंवा एक्सेलमध्ये नोंद ठेवावी लागे. ती रजेवर गेली की एकच बदल दोनदा मर्ज व्हायचा. १.५ पासून ही नोंद सॉफ्टवेअर स्वतः ठेवू लागलं. तरी अपग्रेडनंतरही वही ठेवणारे मी पाहिले आहेत. त्यांचं म्हणणं, वही कधी हँग होत नाही.

या चौघांची मीटिंग तासभर चालली की कोपऱ्यात बसलेली एखादी अबोल व्यक्ती हळूच सांगते, "सर्व्हर जुना आणि क्लायंट नवा असला तरी चालतं. उलटंही चालतं. दोघांना मिळून जे जमतं तेवढंच मिळतं, एवढंच." हे शंभर टक्के खरं आहे. १.० पासूनची सबव्हर्जनची मंडळी एकमेकांशी बोलतात. म्हणजे ज्या प्रश्नावर तासभर रण माजलं तो प्रश्नच नव्हता. यावर मीटिंगमध्ये क्षणभर शांतता पसरते आणि मग पुढच्या मीटिंगची तारीख ठरते.

आता काकांची बाजू प्रामाणिकपणे मांडली पाहिजे, कारण ते सगळंच चुकीचं बोलत नाहीत. एप्रिल २०२२ मध्ये गिटमधली सुरक्षेची एक फट बुजवायला २.३५.२ ही आवृत्ती आली. तिने नियम केला, की फोल्डर एकाच्या मालकीचं आणि गिट चालवणारा दुसराच असेल तर काम करायचं नाही. नियम रास्त होता. पण रात्री बिल्ड करणारे सर्व्हर बरोबर याच पद्धतीने चालतात. सकाळी लोक ऑफिसला आले तर रांगेने बिल्ड पडलेले. इंजिनिअरांनी यावर काय उपाय केला? सेटिंगमध्ये एक फुली टाकून सगळीच फोल्डरं विश्वासू असल्याचं जाहीर केलं. सुरक्षेसाठी अपग्रेड करायचं आणि अपग्रेड होताच पहिलं काम म्हणून ती सुरक्षा बंद करायची. हे ऐकून काकांनी चहा मागवला, तो अख्ख्या मजल्यासाठी.

आणि दर वेळी आधी सूचना नसते असंही म्हणायची सोय नाही. मे २०१४च्या गिट २.० मध्ये 'पुश'चं, म्हणजे आपले बदल सर्व्हरवर पाठवणाऱ्या कमांडचं, मूळ वागणं बदलणार होतं. त्याआधी कित्येक महिने गिट प्रत्येक पुशला लांबलचक इशारा छापत असे. बदल होणार आहे, सेटिंग करून ठेवा, ते असं करा, तसं करा. लोकांनी त्या ओळी इतक्या वेळा पाहिल्या की त्या दिसेनाशा झाल्या. २.० आली आणि ऑफिसभर एकच प्रश्न. "हे कधी सांगितलं?"

आणि आता नव्या मुलाची बाजू. फेब्रुवारी २०१७ मध्ये गूगल आणि अ‍ॅम्स्टरडॅमची सीडब्ल्यूआय ही संस्था यांनी मिळून दोन वेगळ्या पीडीएफ फाइली जगाला दाखवल्या. दोन्हींचा एसएचए-१, म्हणजे फाइलच्या मजकुरावरून काढलेला ठसा, एकच येत होता. तोवर कुणी जाहीरपणे करून न दाखवलेली गोष्ट होती. आता वेबकिट या ब्राउझर इंजिनचा कोड त्या वेळी सबव्हर्जनमध्ये होता. तिथे कुणीतरी विचार केला, आपल्यावर याचा परिणाम होतो का हे तपासायला नको? म्हणून चाचणीसाठी त्या दोन्ही फाइली रिपॉझिटरीत, म्हणजे कोडच्या कोठारात, कमिट केल्या. परिणाम होतो हे तात्काळ सिद्ध झालं. सबव्हर्जन जागा वाचवायला ठसा सारखा दिसला की फाइल एकच समजत असे. दोन फाइलींची खिचडी झाली आणि रिपॉझिटरीच अडकून बसली. पुढे सबव्हर्जनच्या नव्या आवृत्त्यांनी अशा जोडीला दारातच अडवायला सुरुवात केली. म्हणजे जुनी आवृत्ती वर्षानुवर्षं बिनतक्रार चालते, ती फक्त एखादा जिज्ञासू भेटेपर्यंत.

एवढं दोन्ही बाजूंनी बोलून झालं तरी प्रत्यक्ष निर्णय होतो तो भलत्याच कारणाने. सेंटओएस ७ या ऑपरेटिंग सिस्टिमबरोबर गिटची १.८.३.१ ही आवृत्ती येत असे, २०१३ सालची. त्या सर्व्हरांवर ती वर्षानुवर्षं ठाण मांडून बसली. मधल्या काळात गिटच्या नव्या आवृत्त्या दर दोन-तीन महिन्यांनी येत होत्या, भाषणं होत होती, नवी मुलं येऊन जुनी होत होती. ३० जून २०२४ला सेंटओएस ७चाच आधार संपला आणि मग सगळे हलले. तेही गिटच्या प्रेमाखातर नव्हे, ऑडिटच्या अहवालात लाल अक्षरांत एक ओळ आली म्हणून. इंजिनिअरांनी पाच वर्षं मागितलेला सर्व्हर ऑडिटरच्या त्या एका ओळीवर आठवड्यात मंजूर होतो. तेव्हा अपग्रेड हवं असेल तर मॅनेजरशी नाही, ऑडिटरशी मैत्री करावी.

मधल्यामध्ये एक तिसरा पक्षही असतो. "अपग्रेड कशाला, थेट गिटवरच जाऊ." ऐकायला धाडसी वाटतं. मग कळतं, की जुना इतिहास सोबत न्यायचा तर सबव्हर्जनमधल्या प्रत्येक लॉगिनपुढे खरं नाव आणि ईमेल लिहिलेली एक यादी लागते. ही यादी करायला बसलं की ऑफिसचं उत्खनन सुरू होतं. 'अ‍ॅडमिन२' कोण होता? 'टेम्प' नावाने तीन वर्षं रोज कमिट करणारा हा कर्मयोगी कोण? एचआरला विचारावं तर त्यांचं सॉफ्टवेअर मागच्याच वर्षी बदललेलं असतं आणि जुना डेटा आलेला नसतो. मोठ्या मंडळींनाही हे सोपं गेलं नाही. जीसीसी या कंपायलरवाल्यांची सबव्हर्जनवरून गिटवर जायची चर्चा काही वर्षं चालली आणि ते प्रत्यक्ष गेले जानेवारी २०२० मध्ये. पायथॉनवाले सबव्हर्जन सोडून २०११ मध्ये मर्क्युरियल या दुसऱ्या व्हर्जन कंट्रोलवर गेले आणि २०१७ मध्ये तेही सोडून गिटवर. दोन्ही वेळा ही शेवटचीच शिफ्टिंग आहे असं काही जणांना नक्की वाटलं असणार.

आणि मग ओपनबीएसडीकडे बघावं. सुरक्षेबाबत जगातली सर्वांत खाष्ट म्हणावी अशी ही ऑपरेटिंग सिस्टिम. १९९५ साली सुरू झाली तेव्हापासून तिचा मूळ कोड सीव्हीएसमध्ये आहे आणि आजही तिथेच आहे. हे ऐकून काकांची छाती फुगते. पण काकांनी पुढचंही ऐकावं. ती मंडळी सीव्हीएसवर आहेत कारण त्यांनी तसं ठरवलं आहे. त्याची दुखणी त्यांना तोंडपाठ आहेत आणि दुरुस्तीही ती स्वतः करतात. आपण जुन्यावर आहोत याचं कारण बहुधा एवढंच, की सर्व्हरचा पासवर्ड ज्याच्याकडे होता तो २०१४ मध्ये नोकरी सोडून कॅनडाला गेला. दोघंही जुन्यावरच. पण पहिल्यांनी निर्णय घेतला आहे आणि आपला निर्णय राहून गेला आहे.

माझं मत विचाराल तर हाच सगळ्या भानगडीचा निकाल आहे. जुनं ठेवणं हाही निर्णय आहे आणि तो कुणीतरी घ्यावा लागतो. का ठेवलं, कुणी ठरवलं, पुन्हा कधी बघायचं, हे तीन ओळींत लिहून त्याखाली नाव घाला. सही करायला कुणीच पुढे येत नसेल तर उत्तर मिळालं. अपग्रेड करा. तेही घाईने नको. आधी एका मशीनवरचा क्लायंट, मग सर्व्हर आणि गिटवर जायचं असेल तर ते वेगळ्या महिन्यात. अपग्रेडआधी बॅकअप घ्या, आणि तो दुसऱ्या मशीनवर उघडून पाहा. बॅकअप रोज रात्री होतो असं सगळे सांगतात, उघडून पाहिलाय असं कुणी सांगत नाही. शुक्रवारी संध्याकाळी करू, तेव्हा कुणी नसतं, असं कुणी सुचवलं तर नीट ऐका. कुणी नसतं म्हणजे मदतीलाही कुणी नसतं. मंगळवारी सकाळी, डबा खायच्या आधी करा. आणि काहीही ठरवा, पण मीटिंगच्या टिपणात 'रिलीजनंतर बघू' असं लिहू नका. त्याला निर्णय म्हणत नाहीत.